आधी डाय न घातलेल्या पेशी मोजा

वनस्पतीतलं द्रव्य आणि यकृताच्या पेशींतलं कॅल्शियम असा विषय मिळाला की बहुतेकांचा हात आधी हळदीतल्या पिवळ्या कुरक्युमिनकडे जातो. सांगलीची हळद, घरचा विषय, पेपर्स ढीगभर. मीही तेच केलं आणि सात महिने पाण्यात घातले.

पुण्यात पेशींची अडचण नसते. हेप-जी२ या मानवी यकृताच्या पेशी आम्ही गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणल्या. फ्लुओ-४ हा कॅल्शियम मिळालं की हिरवा चमकणारा डाय भरला, २० मायक्रोमोलर कुरक्युमिन सोडलं आणि चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरवरची रेघ सावकाश वर चढली. पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम बाहेर यायला लावणारं थापसिगार्गिन दिल्यावर चढते तशीच. सर खूश. "पोस्टर लिही," म्हणाले. लिहिलं.

पोस्टरसमोर एक वयस्कर मॅडम थांबल्या. "डाय न घालता कुरक्युमिन टाकून पाहिलंस का गं?" एवढंच विचारून चहाला निघून गेल्या. त्याच संध्याकाळी लॅबमध्ये येऊन कोऱ्या पेशींवर कुरक्युमिन सोडलं. रेघ तशीच चढली.

कारण साधं आहे, पण नीट समजून घ्या. कुरक्युमिन स्वतः चमकतं. ते सर्वांत जास्त प्रकाश ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, पण फ्लुओ-४ ज्यावर उजळवतात त्या ४८८ वरही थोडा शोषतंच, आणि सोडतं हिरवा, म्हणजे फ्लुओ-४ च्याच खिडकीत. पाण्यात ते जेमतेम चमकतं, पेशीच्या पटलात शिरलं की उजळतं. म्हणून सिग्नल एकदम उडी न मारता हळूहळू चढतो, थेट कॅल्शियम सुटल्यासारखा. फ्युरा-२ हा दुसरा डाय वापरलात तर उलटी फसगत (त्यात ३४० आणि ३८० नॅनोमीटरवरच्या चमकेचं गुणोत्तर बघतात, कॅल्शियम वाढलं की ते वाढतं): ३८० वर कुरक्युमिन जास्त उजळतं, ३४०/३८० गुणोत्तर खाली येतं आणि कॅल्शियम घटलंय असं वाटतं. तेच द्रव्य, त्याच पेशी, डाय बदलला की निष्कर्ष उलटा! माझ्या पिपेटच्या टिपा पिवळ्या, प्लेटमधल्या वेलचा, म्हणजे पेशी असलेल्या खळग्याचा, तळ पिवळा, अॅप्रनचा खिसासुद्धा पिवळा, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

सिनियरचा प्रोटोकॉल तसाच उतरवून काढणं हा आपल्याकडचा लाडका शॉर्टकट. मला तो अजिबात आवडत नाही. त्यातले कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या चाचण्या, त्याच्या द्रव्यासाठी असतात, तुमच्या नाही. गाईडकडूनही फार अपेक्षा ठेवू नका, त्यांना आलेख दिसतो, वेल दिसत नाही.

पण घाबरून विषय सोडूही नका. कुरक्युमिन एंडोप्लाझमिक रेटिक्युलममधला, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचा, सेर्का पंप रोखतं (थापसिगार्गिनही हाच पंप रोखतं), हे पंपाची एटीपी हे इंधन तोडण्याची क्रिया थेट मोजूनही दिसलेलं आहे. परिणाम खरा आहे, माझी मोजणी खोटी होती. कॅल्शियमरहित बफरमध्ये (पेशींभोवतीच्या द्रावणात) आधी थापसिगार्गिननं साठा रिकामा करा, मग कुरक्युमिन द्या. तरीही रेघ तेवढीच चढली तर तो साठ्यातला कॅल्शियम नव्हे. पेशी धड आहेत का, हे साठा रिकामा न केलेल्या वेगळ्या वेलमध्ये बाहेरून एटीपी देऊन बघा; धड पेशी त्यानं साठ्यातलं कॅल्शियम सोडतात.

सकाळी बफरमध्ये पातळ करून ठेवलेलं कुरक्युमिन दुपारी वापरू नका. ७.२ पीएच, ३७ अंश, सीरम नसलेला बफर, एवढं जुळलं की अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटन होतं.

लाल डायकडे वळलात तर रोड-२ मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतो हे लक्षात असू द्या. त्याचा आकडा पेशीद्रवाचा म्हणून लिहायचा नसतो. मी तोही लिहिला होता.