कुत्रा हट्टी नाही, घाबरलाय: या चुका टाळा

कुत्रा थरथरू लागला, पलंगाखाली दडला की भीती कुणालाही कळते. पण ती त्याआधीच सुरू झालेली असते, आणि पहिली चूक तिथे होते: सुरुवातीच्या खुणा आपल्या लक्षातच येत नाहीत. झोप आलेली नसताना जांभया, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, उकडत नसताना धापा टाकणं. यातलं एखादंच दिसलं तर लगेच अर्थ काढू नका. दोन-तीन एकदम दिसली, तर त्याला तिथून दूर न्या. आवडता खाऊही तो नाकारत असेल, तर त्या वेळी काही शिकवायला जाऊच नका.

सगळ्यात जास्त नुकसान शिक्षा करते. घरी आल्यावर उशी फाडलेली दिसते, आपण ओरडतो, तो कान पाडून नजर चुकवतो आणि आपल्याला वाटतं, याला चूक कळलीय. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा मालक रागावल्यावर जास्त दिसला, मग कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो. एकटेपणाने कासावीस होऊन दार ओरबाडणाऱ्याला मारलंत, तर आधी तुमच्या जाण्याचीच भीती होती, आता येण्याचीही बसेल. गुरगुरण्याबद्दलही रागावू नका. तो इशारा असतो. तो दाबला, तर पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावू शकतो.

‘होईल सवय’ म्हणत त्याला मुद्दाम मोठ्या आवाजात किंवा गर्दीत नेऊन उभं करणं ही तितकीच वाईट चूक. तो गप्प उभा राहिला म्हणजे शांत झाला असं नाही. भीतीने थिजलेलाही असू शकतो. त्याऐवजी त्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा, सोबत खाऊ द्या, आणि तो निवांत असेल तेव्हाच आवाज किंचित वाढवा. वरची लक्षणं दिसली की पुन्हा कमी करा. एकटं राहण्याचा सरावही असाच: आधी काही सेकंद दाराबाहेर, मग एखादा मिनिट. हा सराव चालू असेपर्यंत त्याला तासन्‌तास एकटं ठेवणं शक्य तितकं टाळा, नाहीतर केलेली मेहनत वाया जाते.

जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. तो आपणहून आला तर खुशाल गोंजारा. दडला असेल तर ओढून बाहेर काढू नका.

मोठ्या वयात अचानक असं वागणं सुरू झालं, तर आधी पशुवैद्यांकडे जा. सांधेदुखी, कमी झालेली दृष्टी किंवा म्हातारपणी मेंदूत होणारे बदलही मागे असू शकतात. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. पशुवैद्यांनी फ्लुओक्सेटिनसारखं चिंता कमी करणारं औषध दिलं, तर त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. फरक नाही म्हणून आठवड्याभरात थांबवू नका. पशुवैद्यांकडे जाताना घरातल्या वागण्याचा व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात तो वेगळाच वागतो.