क्लेमच्या फाइलमध्ये एक्स-रे, एमआरआय कसे लावाल

आरोग्य विम्याच्या क्लेमची तयारी तपासणीला जाण्याआधीच सुरू होते. डॉक्टर बोलता बोलता “एमआरआय काढून घ्या” म्हणतात आणि आपण निघतो. तेवढ्यावर निघू नका. चिठ्ठीवर तपासणीचं नाव, कोणता अवयव, डावा की उजवा, तारीख आणि सही मागून घ्या. दाखल होण्याआधीच्या साधारण ३० दिवसांतल्या आणि घरी आल्यावरच्या ६० दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च बऱ्याच पॉलिसी देतात (तुमच्या पॉलिसीतले आकडे वाचून घ्या), पण तपासणी त्याच आजारासाठी होती हे त्या चिठ्ठीवरूनच दिसतं. चिठ्ठी नसेल तर पुढचं बिल लंगडं पडतं.

सेंटरच्या काउंटरवर नाव पॉलिसीत आहे तसंच सांगा. बायकांच्या बाबतीत इथे फार घोळ होतो: पॉलिसीवर सासरचं आडनाव, जुन्या फाइलवर माहेरचं. फिल्म आणि रिपोर्ट हातात आले की तिथेच उभं राहून नाव, वय, तारीख, बाजू तपासा. चूक असेल तर सेंटरकडूनच दुरुस्त प्रत घ्या, पेनाने खाडाखोड अजिबात नको. पैसे भरल्याची नंबर असलेली पावतीही घ्या, यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका.

सर्वांत जास्त जपायचं ते हाडांच्या ऑपरेशनमध्ये. दुचाकीवरून पडून मनगट मोडलं आणि प्लेट बसवली, तर ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे हवेत. पहिल्यात हाड मोडल्याचं दिसतं, दुसऱ्यात प्लेट बसल्याचं. त्यांच्या जोडीला प्लेटचं बिल आणि इम्प्लांटचं, म्हणजे त्या प्लेटच्या पाकिटावरचं, स्टिकर. अपघाताची एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद) झाली असेल तर तिचीही प्रत लावा.

आता मूळ फिल्म हातातून सोडण्याआधीचं काम. फॉलो-अपला डॉक्टर तीच फिल्म मागतात, म्हणून टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेला) ईमेलवर विचारा: मूळ फिल्म हवी की रिपोर्ट पुरे? उत्तर जपून ठेवा. मूळ फिल्म द्यायचीच असेल तर ती खिडकीच्या काचेला किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनला लावून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. कोपऱ्यातलं नाव, तारीख आणि बाजूची खूण फोटोत आलीच पाहिजे. फोटो कापू नका, उजळवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसट होतात.

सीडी मिळाली तर ती उघडते का ते बघा. बऱ्याच लॅपटॉपना आता सीडी ड्राइव्हच नसतो. सेंटरलाच पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल्स (मशीनमधल्या मूळ डिजिटल प्रतिमा) मागा. मोबाइलवर लिंक आली असेल तर फाइल्स लगेच उतरवून घ्या, लिंक कायम चालू राहीलच असं नाही. ईसीजी आणि सोनोग्राफीच्या थर्मल कागदावरच्या प्रिंट फिकट होत जातात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. लॅमिनेशन तर करूच नका, उष्णतेने असा कागद काळा पडतो. फिल्मही एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवू नका.

फिल्मला घडी, स्टेपल, पंच काहीही नको. डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि रिपोर्टसोबत दोन प्रतींत पत्र जोडा आणि त्यात प्रत्येक फिल्मची तारीख व अवयव लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. कुरिअरने पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा.

फिल्म दिली असूनही ‘कागद अपुरे’ म्हणून क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, तिथे तक्रार करायची मुदत एक वर्षाची. तक्रारीला ती पोच आणि फिल्मचे फोटो जोडा.