बांधाचं भांडण मिटवायला बसणार असाल तर आधी हे वाचा

तंटामुक्ती समितीत नाव आलं किंवा भावकीतलं कुणी म्हणालं की तुम्ही जरा मध्ये पडा, तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, आपल्याला निकाल द्यायचा नाहीये. 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव लोक भांडणं मिटवायला बसायला लागले, चांगलंच झालं, पण बरेच जण बसल्या बसल्या "तू दोन फूट सोड, तू गप बस" असं सांगून मोकळे होतात आणि पुढच्या पेरणीला तेच भांडण परत उभं राहतं.

बसायच्या आधी स्वतःचं नातं, उसनवारी, वाट्याची शेती, जे काही असेल ते दोघांसमोर उघड सांगा. एकाला जरी खटकलं तरी सरळ बाजूला व्हा. बैठक कुणा एकाच्या ओट्यावर नको, शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत घ्या.

आता खरं कौशल्य म्हणजे ऐकणं, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. समजा थोरला म्हणतोय "यानं माझा बांध कोरला" आणि धाकटा म्हणतोय "मोजणी आण मग बोल". इथं "बांध आधी कुठं होता?" विचारलंत की संपलं, दोघं आज्यापर्यंत मागं जाणार. त्यापेक्षा विचारा, "दादा, ऊस तुटल्यावर ट्रॉली कुठून काढता?" मग कळतं की त्याला दीड फूट जमीन नकोय, ट्रॉली निघायला वाट पाहिजे. ते त्याच्याच शब्दात परत म्हणून दाखवा, "म्हणजे ट्रॉली अडते म्हणून त्रास होतोय, असंच ना?" तो हो म्हणेपर्यंत पुढं जाऊ नका. मोजणी लागलीच तर ती भूमी अभिलेख खात्याकडून होऊ द्या, तुम्ही टेप घेऊन बांधावर उभे राहू नका.

तापलं की दोघांना वेगवेगळं बसवून बोला, दोघांना साधारण सारखा वेळ द्या. तिथं माणूस मनातलं बोलतो, वाटणीत विहीर गेली, आईच्या आजारपणात एकट्यानं खर्च केला, असलं काहीतरी. हे त्याच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगायचं नाही, घरी बायकोलाही नाही आणि पारावर तर अजिबातच नाही. एकदा फुटलं की गावात परत कुणी तुमच्यापुढं तोंड उघडणार नाही.

बहिणींचं नाव सातबारावर असेल तर त्यांनाही बोलवा. "घराण्यासाठी हक्कसोड दे" असा दबाव मध्यस्थानं आणणं हा सरळ अन्याय आहे, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित हिश्श्यात मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय.

आणि काही गोष्टी मिटवायला घ्यायच्याच नाहीत. बलात्कार, पोरींची छेडछाड, लहान मुलांवरचे अत्याचार, यात तडजोड नसते, पोलिसांत जायचं. बलात्कारात तडजोड होऊच शकत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2015 ला स्पष्ट सांगितलंय. कुणी वाळीत टाकायची किंवा जातीतून काढायची भाषा केली तर बैठक तिथंच थांबवा, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा वेगळा कायदा आहे.

जमलं तर त्याच दिवशी लिहून काढा, "दोघं गुण्यागोविंदानं राहतील" असलं मोघम नको. गट नंबर, कुठल्या बाजूनं, किती फूट वाट, मुरूम कोण टाकणार, कुठल्या तारखेपर्यंत, सगळं लिहा. मोठ्यानं वाचून दाखवा, आणि कुणाला वकिलाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवू द्या, घाईनं सही घेऊ नका. कोर्टात दावा चालू असेल तर नुसत्या स्टॅम्पपेपरवर थांबू नका, तडजोड कोर्टात दाखल करा किंवा लोकअदालतीत ठेवा, तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या निकालाचंच बळ असतं, अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

नीट शिकायचं असेल तर तालुका विधी सेवा समितीत जाऊन चौकशी करा, कोर्टातल्या मध्यस्थांना 40 तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. तिथं भेटलेल्या एखाद्या जुन्या मध्यस्थाला विचारा की दोन्ही बाजूंची हरकत नसेल तर नुसतं मागं बसून ऐकू का, बरेच जण हो म्हणतात.