हंपीचे लालेलाल फोटो असे सुधारले

आईबाबांच्या १९८४ च्या हंपी ट्रिपचे फोटो पार लालेलाल झालेले, आकाशपण गुलाबी आणि आईची साडी चक्क चॉकलेटी. जुन्या कलर प्रिंटमधला सायन (लालाला दाबणारा निळसर-हिरवा) रंग कपाटातल्या अंधारातसुद्धा आधी उडतो, म्हणून उरतो तो लाल. त्यात अल्बम तो चिकट पानांचा (कोणी काढला हा प्रकार देव जाणे), मग दातांचा फ्लॉस प्रिंटमागून हळूहळू फिरवून एकेक सोडवला.

६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, स्कॅन केलं, स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद ठेवून. गिंप या फोटो-एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये लेव्हल्स (प्रत्येक रंगाचा उजेड-अंधार बदलायचं टूल) उघडून रेड चॅनलचा काळा स्लायडर आत सरकवला, म्हणजे लाल कमी केला, तर आकाश झकास निळं झालं, पण विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तोच तो पन्नासच्या नोटेवरचा, एकदम शेवाळ आल्यासारखा हिरवट. मग लेयर मास्क (बदल हव्या त्या भागापुरता झाकायची सोय) लावून मऊ ब्रशने रथावरचं करेक्शन निम्मं पुसलं, तेव्हा कुठे ग्रॅनाइट ग्रॅनाइटसारखा दिसायला लागला. साडी वेगळी सिलेक्ट करून अंदाजाने हिरवी केली.

आईला दाखवलं तर म्हणे, "अरे, हिरवी कुठे, मोरपंखी होती ती!"

परत बसलोय.