तिशी पार केलेली टीम: फूटी क्लबची लिस्ट आखताना या चुका टाळा

2022 च्या सप्टेंबरमध्ये एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलच्या (फूटीच्या) लीगच्या अंतिम सामन्यात, एमसीजीवर जीलाँगने सिडनीला 81 गुणांनी लोळवलं. ग्रँड फायनलला उतरलेला इतका वयस्क संघ ऑस्ट्रेलियन फूटीने त्याआधी पाहिला नव्हता. सामनावीर ठरला आयझॅक स्मिथ, वय 33. त्याच मोसमात वेस्ट कोस्टने 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले. चारच वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, ते विजेते होते आणि त्या संघातले बरेच जण अजून खेळत होते.

दोन्ही संघ वयाने मोठे, तरी एकाच्या हाती कप आला आणि दुसरा तळाला गेला. गेली कित्येक वर्षं मी दर ऑक्टोबरला ट्रेडच्या बातम्या वाचतो आणि दर वेळी माझं एकच मत पक्कं होतं: वय हा रोग नाही. थोरले आणि पोरं यांच्यामधली, 23 ते 27 वयाची फळी रिकामी असणं हा खरा रोग.

आयपीएलची सवय असलेल्यांसाठी थोडं सांगतो. एएफएलमध्ये लिलाव नसतो. पगारांवर कमाल मर्यादा असते आणि अठराएक वर्षांची मुलं नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने निवडली जातात; जो संघ तळाला, त्याची पाळी आधी. क्लब एकमेकांना खेळाडू देतात ते खेळाडूंच्या किंवा या पाळीच्या, म्हणजे ‘पिक’च्या बदल्यात. त्यामुळे पैसे ओतून एका वर्षात टीम तरुण करता येत नाही. आज केलेल्या चुकीचं बिल चार-पाच वर्षांनी येतं.

फक्त सरासरी वय बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

सरासरी 25 असलेली लिस्ट, म्हणजे क्लबच्या सगळ्या खेळाडूंची यादी, दोन प्रकारे बनते. एकीत सगळ्या वयांचे खेळाडू असतात. दुसरीत बारा जण तिशीपुढचे, वीस जण विशीच्या आसपासचे आणि मध्ये पोकळी. आकडा एकच, पण दुसऱ्या टीमचे थोरले निवृत्त झाले की मैदानावर उरतात नुसती पोरं.

हॉथॉर्नकडे बघा. 2013, 2014, 2015 अशा सलग तीन प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपदं. त्यानंतर टीम टिकवायची म्हणून त्यांनी जेगर ओमीरा, टॉम मिचेल, चॅड विंगार्ड असे तयार खेळाडू आणले आणि त्यासाठी वरच्या पिक्स देऊन टाकल्या. 2016 च्या ड्राफ्टमध्ये त्यांची पहिली पाळी सत्तरीच्या पुढे आली, 2017 मध्ये 45 वी, 2018 मध्ये 52 वी. आणलेले खेळाडू वाईट नव्हते. टॉम मिचेलने तर 2018 मध्ये ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं आणि त्या वर्षी संघ चौथा आला. पण तीन वर्षं पहिल्या फेरीतलं एकही पोर घरात आलं नाही. ज्या वयात ही मुलं संघाचा कणा व्हायची, त्या 2020 ते 2023 या चार मोसमांत हॉथॉर्न एकदाही फायनल्सला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, पोचला नाही.

उपाय साधा आहे. एका कागदावर 18 ते 35 अशी वयं लिहा आणि प्रत्येक वयासमोर खेळाडूंची नावं. मग तोच कागद तीन वर्षांनी पुढे सरकवून बघा. 24 ते 28 च्या रकान्यांत रोज पहिल्या संघात खेळतील अशी आठ-दहा नावं दिसत नसतील, तर भोक तिथे आहे, मग यंदा गुणतक्त्यात तुम्ही कितवेही असा.

जीलाँगने हीच फळी रिकामी होऊ दिली नाही, आणि तीही भारी पिक्स न खर्चता. टॉम स्टुअर्ट 2016 मध्ये 40 व्या पाळीला मिळाला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि खालच्या लीगमध्ये खेळत होता. जॅक हेन्री रूकी यादीतून, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या नवख्यांमधून, आला. मार्क ब्लिकाव्स तर अॅथलेटिक्समधून, स्टीपलचेस धावणारा. 2022 नंतर कर्णधार जोएल सेलवूड निवृत्त झाला, 2023 मध्ये संघ बाराव्या क्रमांकावर घसरला, तरी 2025 मध्ये ते पुन्हा ग्रँड फायनलला होते. ब्रिस्बेनकडून हरले, पण ज्या टीमची म्हातारी म्हणून कीव केली जात होती, तिने हे करून दाखवलं.

‘अजून एक खेळाडू आला की झालं’

2022 मध्ये सातव्या क्रमांकावर असलेल्या रिचमंडने टिम टॅरँटो आणि जेकब हॉपर या दोघांना सात-सात वर्षांच्या करारांवर आणलं. 2017, 2019, 2020 जिंकलेल्या गाभ्याला एक शेवटचा जोर द्यायचा होता. 2024 मध्ये संघ तळाला गेला आणि मग शाई बोल्टन, डॅनियल रिओली, लियम बेकर सोडून पिक्स गोळा कराव्या लागल्या. वेस्ट कोस्टने 2019 मध्ये टिम केलीसाठी दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पिक्स मोजल्या होत्या. 2023 मध्ये ते सिडनीकडून 171 गुणांनी हरले.

मोठा खेळाडू आणूच नये असं मी म्हणत नाही. जीलाँगने डेंजरफिल्ड आणला, जेरेमी कॅमेरॉन आणला. फरक इतकाच, की येणाऱ्याच्या उमेदीच्या वर्षांत त्याच्याबरोबर कोण खेळणार आहे, हे आधी बघावं. तो 29 चा होईल तेव्हा बाकीचा गाभा घरी बसलेला असेल, तर तो कितीही चांगला असला तरी एकटा पडेल.

पुढच्या वर्षीची पिक आजच विकणं

2015 पासून पुढच्या मोसमाची पिकही देता येते. आपण वरच राहू, पिक अठरावी-विसावी असेल, असं धरून क्लब ती सोडतात. कॉलिंगवूडने 2020 मध्ये पुढच्या वर्षीची पहिली पिक जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) या क्लबला दिली आणि 2021 मध्ये संघ सतरावा आला. जे मौल्यवान पोर त्यांचं असतं, ते दुसऱ्याचं झालं. वडील क्लबसाठी शंभर सामने खेळलेले असले की मुलाला घेण्याचा पहिला हक्क मिळतो, म्हणून त्याच वर्षी निक डेकॉस हाती लागला. पण असा मुलगा दर वर्षी घरात तयार नसतो. वयस्क टीमने तरी ही पिक गहाण टाकू नये. अशी टीम घसरते ती हळूहळू नाही, जिन्यावरून पाय सुटावा तशी.

पगार पुढे ढकलत राहणं

जिंकणारा गाभा एकत्र ठेवायचा म्हणून पगाराचा मोठा भाग करारातल्या शेवटच्या वर्षांत टाकला जातो. ती वर्षं येतात तेव्हा खेळाडू उतरणीला आणि पगार शिखरावर. 2020 च्या ट्रेडमध्ये कॉलिंगवूडला पगाराच्या मर्यादेपायी ॲडम ट्रेलोर, जेडन स्टीफनसन आणि टॉम फिलिप्स एकाच वेळी सोडावे लागले. ट्रेलोरच्या पगाराचा काही भाग तो दुसरीकडे खेळत असतानाही त्यांनीच भरला. तिशीपुढच्यांना एकेक वर्षाचा करार हा त्यांचा अपमान नव्हे. तसं त्यांना समोर बसवून, वेळेवर सांगावं.

सगळ्या थोरल्यांना एकदम निरोप

2016 च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ मेलबर्नने ब्रेंट हार्वी, ड्रू पेट्री, निक डाल सांटो आणि मायकेल फिरिटो यांना एकाच झटक्यात पुढचा करार नाकारला. हार्वी 432 सामने खेळलेला माणूस. 2020 अखेर आणखी अकरा जण कमी केले. त्यानंतरची कित्येक वर्षं संघ तळाशीच घुटमळला.

पोरांना शिकवायला मैदानावर कुणीतरी लागतं. चाळीस हजार लोकांच्या आवाजात, चेंडू कुठून येणार आहे हे ओरडून सांगणारा माणूस कोचच्या खोलीत बसून चालत नाही. ब्रिस्बेनने 2017 अखेर हॉथॉर्नमधून निवृत्त झालेल्या लूक हॉजला परत बूट घालायला लावले. तो दोन मोसम खेळला. 2018 मध्ये पंधरावा असलेला तरुण संघ 2019 मध्ये साखळीत दुसरा आला, आणि पुढे 2024 आणि 2025 मध्ये विजेता झाला. म्हणून एका वर्षी दोन किंवा तीन, त्याहून जास्त थोरले जाऊ देऊ नका. आणि एकाच जागेवरचे दोघे तर एकत्र मुळीच नाही.

रकमन आणि उंच खेळाडू उशिरा शोधणं

रकमन म्हणजे उंच उडी मारून उसळलेला चेंडू सहकाऱ्यांकडे ढकलणारा खेळाडू. मिडफिल्डर दोन-तीन वर्षांत उभा राहतो, उंच खेळाडूला फार वेळ लागतो. मेलबर्नचा मॅक्स गॉन 2009 मध्ये ड्राफ्ट झाला आणि ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात पहिल्यांदा आला 2016 मध्ये. तुमचा रकमन 29 चा झाला असेल तर त्याचा वारस आज क्लबमध्ये असायला हवा, राखीव संघात का होईना.

चूक होऊन गेली असेल तर

हॉथॉर्नचं उदाहरण इथेही उपयोगी पडतं. 2022 अखेर त्यांनी ओमीरा, टॉम मिचेल आणि गन्स्टन यांना जाऊ दिलं, त्रास सोसला, मुलांना खेळवलं. 2024 मध्ये ते फायनल्सला परतले आणि सेमीफायनल फक्त 3 गुणांनी हरले. चांगल्या मोसमानंतर, खेळाडूला बाजारात किंमत असतानाच सोडावं लागतं. 28 वर्षांच्या खेळाडूसाठी पहिल्या फेरीची पिक मिळू शकते, 31 व्या वर्षी तोच जवळजवळ फुकट जातो.

आणि यंदा घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. 2028 मध्ये टास्मानिया एकोणिसावा संघ म्हणून उतरणार आहे. गोल्ड कोस्ट 2011 मध्ये आणि जीडब्ल्यूएस 2012 मध्ये आले, तेव्हा ड्राफ्टमधल्या वरच्या पाळ्यांचा मोठा वाटा त्यांना गेला होता. नव्या क्लबसाठी तसंच काही राखून ठेवलं जाणार. ज्यांच्या कागदावर मधले रकाने आज रिकामे आहेत, त्यांनी ते टास्मानिया रांगेत पुढे येऊन उभी राहण्याआधीच भरायला घ्यावेत.