अनुदान थांबल्यावर कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च कसा भागवावा

सरकारी कौशल्य योजना ठरावीक मुदतीसाठी मंजूर होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,८०० कोटी रुपयांचा स्किल इंडिया कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा त्यातील प्रधानमंत्री कौशल विकास योजना ४.०, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आणि जनशिक्षण संस्थान या तिन्हींना मार्च २०२६ पर्यंतचीच मुदत दिलेली होती. इंदूर परिसरातील सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि पीथमपूर या औद्योगिक भागांत आपल्यापैकी अनेक जण लहान कारखाने चालवतात किंवा त्यांतील मनुष्यबळाचे काम पाहतात. एखाद्या योजनेची मुदत संपली की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो दुसरी योजना कोणती, हा. माझ्या मते त्याआधी प्रशिक्षणावर खर्च नेमका कशाचा होतो हे तपासावे, कारण त्या खर्चाचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याला वेगळा आधार सापडू शकतो.

सर्वप्रथम जुन्या योजनेची फाईल पूर्ण करावी. मुदत संपण्यापूर्वी मंजूर झालेल्या किंवा सुरू झालेल्या प्रशिक्षणार्थींच्या तुकड्यांचे देणे नंतरही मिळू शकते का, हे मंजुरीच्या पत्रात आणि संबंधित आदेशात पाहावे, आणि त्याबद्दल कार्यालयाला लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर हिशेब बसवू नये. हजेरीपट, बँकेतून दिलेल्या वेतनाचा किंवा विद्यावेतनाचा पुरावा, फीची पावती आणि प्रमाणपत्रे एकत्र ठेवली, तर पुढच्या अर्जालाही तीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

आता खर्चाकडे वळू. समजा चार सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरना पाच दिवसांच्या अभ्यासक्रमाला पाठवायचे आहे आणि फी माणशी ५,००० रुपये आहे. फीचे २०,००० झाले. रोजची मजुरी ७०० रुपये धरली तर त्या पाच दिवसांच्या पगाराचे १४,००० होतात. मजुरी वगळून मशीनचा ताशी दर ४०० रुपये धरला आणि चारही मशीन रोज आठ तास बंद राहिली, तर ते नुकसान ६४,००० रुपयांचे होते. एकूण ९८,००० रुपयांत फीचा वाटा जेमतेम पाचवा आहे. अनुदानातून फक्त फी मिळत असेल, तर उरलेला मोठा खर्च आपण आजवर सोसतच होतो, फक्त तो कुठल्या खात्यात लिहिलेला नव्हता. म्हणून अनुदान गेल्यावर सर्वांत जास्त बचत वेळापत्रकातून होते. दोघांना एका आठवड्यात आणि दोघांना दुसऱ्या आठवड्यात पाठवावे, ज्या आठवड्यात मशीनची देखभाल ठरलेली आहे तोच निवडावा, किंवा प्रशिक्षकालाच कारखान्यात बोलावून दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात सत्रे घ्यावीत. असे केल्याने ६४,००० चा आकडा निम्म्याहून खाली आणता येतो, आणि अशी वाचलेली रक्कम फीपेक्षा मोठी असते.

फीसाठी इंदुरातच सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे. ही केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाची संस्था असून तेथे टूल आणि डाय, सीएनसी, कॅड-कॅम (संगणकावरील आरेखन व उत्पादन) यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. एकट्या कारखान्याला चार माणसांसाठी स्वतंत्र तुकडी परवडत नाही. पण शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी मिळून तुकडी भरली, तर फीबाबत आणि वेळेबाबत बोलणी करता येतात. अशा एकत्रित तुकडीत दुसऱ्याचा कसबी कामगार आपल्याकडे ओढायचा नाही, एवढे मालकांनी आधीच आपसांत स्पष्ट बोलून घ्यावे. नाहीतर दुसऱ्या वेळी कोणी माणूस पाठवत नाही. नवीन मशीन विकत घेताना ऑपरेटर प्रशिक्षणाचे दिवस खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्यावेत, कारण मशीन बसवून झाल्यावर हीच गोष्ट मागितली तर तिचे वेगळे बिल येते.

जुन्या कामगारांचे प्रशिक्षण आणि नव्या मुलांची घडण या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि सरकारी मदत प्रामुख्याने दुसरीसाठी मिळते. अप्रेंटिस कायदा १९६१ नुसार, २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे, ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत, मार्च २०२६ पर्यंतच्या मंजुरीत, विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा कमाल १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र सरकारचा होता. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजनेचे गणित याहून उदार आहे. १८ ते २९ वयाच्या, राज्यातील रहिवासी उमेदवाराला ८,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेले आहे आणि त्यातील ७५ टक्के राज्य शासन देते. आयटीआय झालेल्या मुलासाठी ८,५०० पैकी कारखान्याच्या वाट्याला २,१२५ रुपये येतात. एकाच उमेदवारासाठी दोन्हीकडून वाटा मिळेल असे मात्र गृहीत धरू नये, आणि करार करण्यापूर्वी त्या-त्या योजनेच्या पोर्टलवर तिची मुदत व त्या दिवशी लागू असलेला आदेश पाहावा. विद्यावेतनात वाचलेले पैसे जुन्या कामगारांच्या फीसाठी वळवता येतात, हे मला या मार्गाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

ज्यांच्या कारखान्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे, त्यांनी एमएसएमई स्पर्धात्मक लीन योजना अवश्य पाहावी. मार्च २०२३ मध्ये नव्याने आणलेल्या या योजनेत सल्लागाराच्या शुल्काचा ९० टक्के भार सरकार घेते, आणि फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी लावणे), कायझेन (थोडी थोडी सतत सुधारणा) यांसारख्या पद्धती कामगारांना त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच जॉबवर शिकवल्या जातात. योजनेच्या नावात प्रशिक्षण हा शब्द नसल्यामुळे पुष्कळ जण तिच्याकडे वळतच नाहीत. पोलोग्राउंडवरील एमएसएमई विकास कार्यालयात तिची माहिती मिळते.

मोठ्या ग्राहकाकडे मागणी करायला संकोच करू नये. पीथमपूरच्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याने मागील सहा महिन्यांचे रिजेक्शनचे, म्हणजे नाकारल्या गेलेल्या भागांचे, आकडे, त्यातले किती माप चुकल्यामुळे आणि किती सेटिंगमुळे झाले याची फोड, आणि ते कमी करण्यासाठी हवे असलेले नेमके प्रशिक्षण, असे एका पानाचे टिपण तयार करून ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला द्यावे. पैसे देण्यापेक्षा आपला प्रशिक्षक दोन दिवस पाठवणे ग्राहकाला सोपे असते, म्हणून मागणीत तो पर्याय आधी ठेवावा. सीएसआर निधीबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी खर्च करायच्या पैशांबद्दल, मात्र गैरसमज नको. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील निधी कंपनीला स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी खर्च करता येत नाही. आयटीआय किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत सर्वांसाठी खुल्या असलेल्या तुकडीसाठीच तो मागावा.

उरलेला खर्च आपल्याच खिशातून होणार, तेव्हा तो नीट नोंदवलेला असावा. व्यवसायासाठी केलेला प्रशिक्षणाचा खर्च आयकरात वजावटीस पात्र ठरतो. संस्थेची फी करपात्र असेल तर आपला जीएसटी क्रमांक असलेले बीजक घ्यावे. २०,००० रुपयांवर १८ टक्के दराने ३,६०० रुपये कर लागतो आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून त्याची वजावट, साध्या पावतीवर मिळत नाही. दरमहा पगाराच्या रकमेचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा, म्हणजे मार्चमध्ये एकदम भार येत नाही.

शिकवलेला माणूस सोडून गेला तर काय, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर कराराचा उपाय आहे, पण तो मापात हवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि ती मुदतीपूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तो निकाल बँकेतील अधिकाऱ्याच्या पदाबाबत होता. ऑपरेटरकडून तेवढी रक्कम लिहून घेणे अन्यायाचे आहे आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईपुरतेच ते टिकेल. प्रत्यक्ष भरलेली फीच लिहावी, आणि ती दर महिन्याला कमी होत जाईल असे ठेवावे. ५,००० रुपयांची फी आणि दहा महिन्यांची मुदत असेल, तर सहा महिन्यांनी सोडणाऱ्याकडून २,००० रुपयेच घ्यावेत. हा करार कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावा, त्याची एक प्रत त्याच्याकडे राहावी, आणि प्रशिक्षणाचे मूळ प्रमाणपत्र कारखान्याने अडवून ठेवू नये.