लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं सेंट हेलेन्स: कोल्हापुरातून जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून नर्सिंगसाठी इंग्लंडला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, लंडन मिळंल का? नाहीतर मँचेस्टर तरी?" मी सांगते, सेंट हेलेन्स बघा. बहुतेकांनी नावच ऐकलेलं नसतं. मी तिथे वॉर्डात बरीच वर्षं काम करून परत आले, आता मंगळवार पेठेत राहते, आणि माझं मत पक्कं आहे. नवख्या माणसाला पगारातून चार पैसे मागे टाकायचे असतील आणि ओळखीपाळखी करायच्या असतील, तर मोठ्या शहरांना लागून असलेलं, नव्याने उभं राहणारं गावच बरं. फक्त घर कुठे घ्यायचं, गाडी कुठली धरायची आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे जाण्याआधी कळलं पाहिजे.

सेंट हेलेन्स हा एक बरो आहे, म्हणजे एकाच कौन्सिलच्या कारभाराखालची गावं: सेंट हेलेन्स, अर्ल्सटाउन, न्यूटन-ले-विलोज, हेडॉक, रेनहिल वगैरे. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ लाख ८३ हजार. पश्चिमेला लिव्हरपूल साधारण १२ मैल, पूर्वेला मँचेस्टर वीस-बावीस मैल. गाव कोळसा आणि काचेवर वाढलं. आज जगभर खिडक्यांना जी सपाट काच लागते, ती वितळलेल्या कथिलावर काचेचा रस पसरून करतात. ती पद्धत इथल्या पिल्किंग्टन कारखान्याने शोधली आणि १९५९मध्ये जाहीर केली. तुमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटची खिडकीही त्याच पद्धतीची असणार. पुढे खाणी एकेक करून बंद पडल्या. सटन मॅनॉर १९९१मध्ये, पार्कसाइड १९९३मध्ये. पिल्किंग्टन २००६मध्ये जपानी कंपनीकडे गेली. कामधंदा गेलेलं गाव किती वर्षं दबून राहतं, हे तिथल्या म्हाताऱ्या पेशंटकडून मी तासन् तास ऐकलं आहे. खाणीत काम केलेल्या माणसाची छाती तपासताना तो विषय निघतोच.

आता कौन्सिलने बांधकाम कंपनीशी भागीदारी करून मध्यवर्ती भाग नव्याने उभारायला घेतला आहे. जुनं शॉपिंग सेंटर पाडलं आणि त्या जागी बाजार, हॉटेल, घरं अशी योजना आहे. पार्कसाइडच्या जुन्या खाणीच्या जमिनीवर उद्योग आणि गोदामं येत आहेत. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. अशा गावात घरभाडं मँचेस्टरच्या मध्यवस्तीपेक्षा बरंच कमी असतं, पण खोदकाम, वळवलेले रस्ते आणि हललेले बसथांबेही असतात. म्हणून घर पक्कं करण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या रस्त्याचं नाव टाकून बांधकाम परवानगीचे अर्ज बघा. ती माहिती सगळ्यांना खुली असते. समोरच्या मोकळ्या जागेत पुढची दोन वर्षं काय होणार आहे ते तिथे कळतं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याने तर हे बघितल्याशिवाय सहीच करू नये.

पण घराच्याही आधी नोकरी. नर्सला एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, भारतात देता येणारी संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर ऑस्की, म्हणजे १० स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्कीचा पहिला प्रयत्न रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांत द्यावा लागतो, त्यामुळे तयारी इथूनच करून जा. हात धुण्यापासून पेशंटला स्वतःचं नाव सांगण्यापर्यंत सगळ्याला गुण असतात. आपल्या मुली हाताने तयार असतात, पण करताना तोंडाने बोलत नाहीत. तिथे करता करता सांगावं लागतं. आरशासमोर नव्हे, घरातल्या कुणाला तरी खाटेवर झोपवून मोठ्याने सराव करा. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा पगार मिळतो. मग बँड ५, ज्याची सुरुवात २०२५–२६मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड होती. त्यातून कर, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) आणि पेन्शन कापलं जातं. चार पैसे जास्त हातात येतात म्हणून पेन्शनमधून बाहेर पडायची घाई करू नका.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं कायद्याने बंद आहे. माझ्या ओळखीतल्या एका घराने पोरीच्या नोकरीसाठी एका एजंटला शेतीचा तुकडा विकून पैसे दिले, आणि नोकरीचा पत्ताच नव्हता. त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो. एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची हॉस्पिटलं स्वतः भरती करतात, जाहिराती उघड असतात, आणि परदेशी माणसाला व्हिसासाठी स्पॉन्सर करण्याचा परवाना कुठल्या मालकाकडे आहे त्याची यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्या यादीत नाव नसेल तर पुढे बोलायचंच नाही. केअर वर्करचा, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांचा रस्ता तर २२ जुलै २०२५पासून परदेशातून येणाऱ्यांना बंद झाला आहे. आजही कुणी "केअर होममध्ये लावतो" म्हणत असेल तर उठून चालू लागा. करारपत्रात परतफेडीचं कलम असतं: अमुक महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर प्रवासाचा आणि परीक्षेचा खर्च परत द्यायचा. ते कलम दोनदा वाचा. रक्कम किती आणि महिन्यागणिक ती कमी होते का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही.

नवरा किंवा बायको सोबत येत असेल तर त्यांना बहुतेक कुठलंही काम करता येतं. हेडॉकच्या बाजूला मोठी गोदामं आहेत, तिथे कामं निघतात. उद्यमनगरात किंवा शिरोलीला फाउंड्रीत काम केलेल्या माणसाने काचेच्या उद्योगाकडेही बघावं. भट्टी, तापमान, रिफ्रॅक्टरी विटा हे ज्ञान तिथे कामी येतं. ग्लास फ्युचर्स नावाची काच संशोधनाची संस्थाही याच गावात उभी राहिली आहे.

आता गाड्या, कारण इथेच नवी माणसं अडकतात. गावाच्या मध्यभागी सेंट हेलेन्स सेंट्रल स्टेशन आहे. तिथून गाडी एकीकडे लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला आणि दुसरीकडे विगनला जाते. मँचेस्टरला जायचं तर सेंट्रलवरून गाडी बदलावी लागते. थेट मँचेस्टरची गाडी दुसऱ्या मार्गावर आहे, आणि तो मार्ग गावाच्या दक्षिणेने जातो. व्हिस्टन, रेनहिल, ली ग्रीन, सेंट हेलेन्स जंक्शन, अर्ल्सटाउन, न्यूटन-ले-विलोज अशी ती स्टेशनं ओळीने येतात. हाच १८३०चा लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेमार्ग. त्यासाठी इंजिनांची स्पर्धा १८२९मध्ये रेनहिलला झाली आणि 'रॉकेट' जिंकलं. आपल्या कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली ती १८९१मध्ये. मला ड्यूटीला जाताना रेनहिलच्या फलाटावर उभं राहण्याचं कायम अप्रूप वाटायचं.

मोठं हॉस्पिटल व्हिस्टनला आहे. ते शेजारच्या नोझ्ली बरोत येतं, पण सेंट हेलेन्सचं हॉस्पिटलही त्याच ट्रस्टचं, म्हणजे त्याच एनएचएस संस्थेचं. व्हिस्टनला काम असेल तर ली ग्रीन, रेनहिल किंवा जंक्शनजवळ घर घ्या. सेंट हेलेन्स हॉस्पिटलला असेल तर गावातच. जोडीदाराला मँचेस्टरला कामाला जायचं असेल तर न्यूटन-ले-विलोज बघा. फक्त एक लक्षात ठेवा: रविवारी सकाळी गाड्या उशिरा सुरू होतात आणि दिवसपाळी तर साडेसातच्या सुमारास लागते. म्हणून घर ठरवताना रविवारचं वेळापत्रक बघा, सोमवारचं सगळेच बघतात. रविवारी बस किती वाजता आहे तेही तेव्हाच बघून घ्या. गाडी चालवत असाल तर भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने चालवता येते. पुढे तिथली परीक्षा द्यावीच लागते, आणि तिची तारीख लवकर मिळत नाही.

घर बघायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. भाड्याला मिळतात ती बहुतेक लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली जुनी घरं. दार थेट फुटपाथवर उघडतं, मागे स्वयंपाकघर, त्यामागे लहानसं अंगण आणि गल्ली. मागच्या बेडरूममध्ये जाऊन कपाट किंचित पुढे ओढायला सांगा आणि मागच्या भिंतीला तळहात लावा. गार आणि ओलसर लागली, रंगाचे पापुद्रे सुटले असतील, कोपऱ्यात काळे ठिपके असतील, तर ते घर सोडा, भाडं कितीही कमी असो. तिथला ओलावा आपल्या पावसाळ्यासारखा चार महिन्यांत जात नाही. छातीत बसतो, आणि पोरांना आधी. पाच मिनिटं हीटिंग चालू करायला लावा. रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम होतोय का ते हात लावून बघा. उष्णता टिकवण्याच्या प्रमाणपत्रात किमान ई दर्जा लागतो, पण सी किंवा डी मिळाला तर हिवाळ्याच्या बिलात फरक कळतो.

डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. ते मालकाने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तुम्हाला कागद द्यायचा असतो. कागद आला नाही तर मागून घ्या. घर घेतल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. भाड्याशिवाय कौन्सिल टॅक्स, म्हणजे कौन्सिलला भरायची घरपट्टी असते. छोट्या घरांना बहुधा सर्वांत खालचा ए बँड, आणि एकटेच राहत असाल तर २५ टक्के सूट. सूट आपोआप मिळत नाही, अर्ज करा. बहुधा एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते असतात. पोचल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा, नोंदणी फुकट असते. दाताचं मात्र इथूनच करून जा.

सामानात कांदा-लसूण मसाला, गूळ, सुकं खोबरं, घरची हळद चालते. पेढे, तूप, खवा, सुकं मटण घेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. किराणा लिव्हरपूलला लॉज लेनच्या बाजूला मिळतो, आणि भरपूर हवा असेल तर मँचेस्टरला रशोमला. महिन्यातून एक फेरी पुरते. देवळात जायचं झालं तर लिव्हरपूलच्या एज लेनवर राधाकृष्ण मंदिर आहे. जाड कोट मात्र तिथेच घ्या. इथे घेतलेला तिथल्या वाऱ्यापावसाला टिकत नाही. फोडणी घालायच्या आधी खिडकी उघडायची आणि स्वयंपाकघराचं दार लावायचं, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या गल्लीला उठवतो.

माणसांबद्दल थोडं सविस्तर. २०२१मध्ये या बरोतली १००पैकी ९६ माणसं गोरी होती. त्यामुळे लोक तुमच्याकडे बघतील. बहुतेकांच्या नजरेत कुतूहल असतं. कधी कुणी टोचेल असंही बोलतं, तेव्हा वॉर्ड मॅनेजरला लेखी कळवा, गिळून बसू नका. ओळख वाढवायची सोपी वाट म्हणजे रग्बी लीग, हा रग्बीचाच एक प्रकार. तिथला सेंट्स, म्हणजे सेंट हेलेन्सचा रग्बी संघ, आणि आपल्याकडचा तालमींचा फुटबॉल, दोन्हींत मला काही फरक दिसला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचला पेठांचं जे होतं, तेच तिथे विगनबरोबरच्या मॅचला. २०१९ ते २०२२ सेंट्सनी सलग चार वेळा सुपर लीग, म्हणजे तिथली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. एखाद्या आजोबांना त्याबद्दल विचारा, औषध घ्यायला कुरकुर करणारा पेशंटसुद्धा बोलता होतो. हे मी वॉर्डात रोज वापरलेलं आहे.

डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. लांब पाळ्या असतील तर आठवडाभर ऊन दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर पडायचंच, पाऊस असला तरी. सटन मॅनॉरच्या बंद खाणीच्या टेकडीवर २००९पासून २० मीटर उंचीचं पांढरंशुभ्र शिल्प आहे, डोळे मिटलेल्या मुलीचा चेहरा. ते उभारण्यात जुन्या खाणकामगारांचा पुढाकार होता. तिथपर्यंत चालत जा. आईवडिलांना बोलवायचं तर मे-जूनमध्ये बोलवा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आणि आरोग्य विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.

तीन-चार वर्षांत घर विकत घ्यायचा विचार येतोच, कारण तिथे नर्सच्या पगारात लहान घर आवाक्यात येऊ शकतं. तेव्हा दोन गोष्टी. पहिली, घर फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमचं आपलं) की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या कराराने)? या भागात जुनी घरंही लीजहोल्ड असतात. किती वर्षं उरली आणि जमिनीचं भाडं किती, ते कागदावर बघा. दुसरी, खाली खाण आहे का? अख्खा परिसर कोळशाचा आहे, जुनी विवरं आणि बोगदे घरांखाली आहेत. सॉलिसिटरकडून, म्हणजे घराचे कागद बघणाऱ्या वकिलाकडून खाणीचा अहवाल मागवून घ्या. थोडे पौंड लागतात, पण तो हातात आल्याशिवाय करारावर सही करायची नाही.